२० पैकी ७ की १४?

शनिवार, रात्री

आज स्टाफरूममध्ये सरांशी चांगलीच जुंपली. कारण एकच, बी.ए. पहिल्या वर्षाच्या अनिवार्य इंग्रजीतला एका मुलाचा निबंध. सरांनी २० पैकी ७ दिले, मी १४. या वेळी एकमेकांचे आकडे न बघता, वेगवेगळ्या कागदांवर मार्क टाकायचे असं ठरवून आम्ही दोघांनी तोच गठ्ठा तपासला, म्हणून हे उघडं पडलं. एरवी गठ्ठा ज्याच्या हाती पडेल त्याचाच आकडा मुलाच्या वाट्याला येतो.

मुलगा नागपूरजवळच्या काटोलकडचा, घरी संत्र्याचा बगीचा. विषय होता ‘घरातला एक महत्त्वाचा दिवस’. त्याने आंबिया बहाराचा, म्हणजे झाडावरच्या संत्र्यांचा, सौदा झाला तो दिवस लिहिला. व्यापारी येतो, झाडांमधून फिरतो, एक फळ तोडून सोलतो, चव घेतो. अजून भाव बोललेला नाही. आणि इथे मुलगा लिहितो, ‘मर्चंट इज लुकिंग ट्री. फादर इज लुकिंग मर्चंट.’

सरांनी या दोन वाक्यांवर चार लाल गोल केले. ‘द’ नाही, ‘ॲट’ नाही. मी तिथेच थांबले. वर्षभराची कमाई परक्या माणसाच्या तोंडून बाहेर पडायची आहे आणि त्या वेळी बापाची नजर झाडावर नाही, त्या माणसाच्या चेहऱ्यावर आहे, हे या पोराने टिपलंय. एकाच ठेवणीची दोन छोटी वाक्यं शेजारीशेजारी मांडून ते सांगितलंय. ‘द’ आणि ‘ॲट’ घातले की व्याकरण सुधारेल, पण जे दिसलं ते आधीच कागदावर आहे.

त्याच गठ्ठ्यात दिवाळीवरचा एक निबंध होता. एकही चूक नाही, कारण सगळा गाइडमधून रट्टा मारलेला. त्यात लिहिणारी मुलगी कुठेच नाही, तिचं घर नाही, नागपूरही नाही. सरांनी त्याला १५ दिले, मी ८. मला हा फरक पहिल्यापेक्षाही जास्त टोचला. अशाने मुलं काय शिकतात? स्वतःचं लिहिलं तर चुका होतात, मार्क जातात. पाठ केलेलं उतरवलं तर निभावतं.

सरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणाले, “मॅडम, उद्या हा पोरगा इंटरव्ह्यूला गेला तर बापाची नजर कोणी विचारणार नाही. इंग्रजी कच्चं आहे, एवढंच दिसेल.” खरंय. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं एसटीने येतात, घरात इंग्रजी लिहिणारी ती पहिलीच. त्यांना शुद्ध लिहिता आलंच पाहिजे. पण अर्धा अर्धा मार्क कापला म्हणून ‘द’ कुठे लावायचा हे कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही. मुलं आकडा बघतात, शेजाऱ्याचा आकडा बघतात आणि पेपर बॅगेत कोंबतात.

त्या निबंधावरचे लाल गोल मी मोजले. २३ निघाले, आणि त्यातले १४ एकट्या ‘द’चे. मग या १४ चुका धरायच्या की एक? मराठीत नामाआधी असं काही लावावं लागत नाही, त्यामुळे हा नियम त्याच्या हाताला बसलेला नाही. चूक जिथे जिथे व्हायला हवी तिथे तिथे झाली आहे, त्यात निष्काळजीपणा नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९७० साली प्रवेश सर्वांना खुला झाला, तेव्हा मिना शॉनेसी या प्राध्यापिकेने अशाच नव्याने आलेल्या मुलांचे सुमारे ४,००० निबंध वाचून काढले. मुलांच्या चुकांना त्यांचं स्वतःचं तर्कशास्त्र असतं, ते ओळखून शिकवावं लागतं, हे त्यांनी १९७७ साली पुस्तकातून मांडलं. आमच्या वर्गाला हे शब्दशः लागू पडतं.

मार्कांतली तफावत काही नागपूरचीच नाही. १९१२ साली डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी अमेरिकेतल्या शाळांना तपासायला पाठवलेल्या इंग्रजीच्या एकाच पेपरला शिक्षकांनी १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत मार्क दिले. पुढे १९६१ साली पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी ३०० निबंध ५३ जणांना वाचायला दिले आणि नऊ ढिगांत लावायला सांगितले. ९४ टक्के निबंध किमान सात वेगवेगळ्या ढिगांत गेले. कुणी विचार पाहत होतं, कुणी चुका, कुणी मांडणी, कुणी शब्द, कुणी लिहिणाऱ्याची ढब. सगळे प्रामाणिकच होते. काय पाहायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. सर आणि मी, आमचंही तेच झालं.

धरमपेठेतल्या क्लासला जाऊन आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते की त्या परीक्षेतही लेखनाच्या मार्कांत व्याकरणाचा वाटा एक चतुर्थांशच असतो. बाकीचे तीन वाटे प्रश्नाला दिलेलं उत्तर, सुसंगती आणि शब्दसंपदा यांचे. परदेशी जायचं की नाही हे ठरवणारी परीक्षा जर एवढी जागा ठेवते, तर आमच्या २० मार्कांच्या इंटर्नलमध्ये आम्ही का नाही ठेवायची?

म्हणून मी सरांना सुचवलं की नाव-रोल नंबर झाकून तपासू, पहिलं वाचन हातात पेन न घेता करू, मार्कांशेजारी कारण लिहू आणि दुसऱ्या खर्ड्यालाही मार्क ठेवू. सर म्हणाले, “पोरं शंभराच्या वर, आणि आपल्यातले अर्धे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे मिळतात, दोनदोनदा पेपर वाचायचे कोण देणार?” याला माझ्याकडे उत्तर नाही. जे तासिका तत्त्वावर महिनोन्महिने मानधनाची वाट पाहतात, त्यांच्याकडून मी फुकटची दुसरी फेरी मागू शकत नाही. तेव्हा एका टर्मला एकच निबंध असा तपासायचा, इतकंच मागणार आहे.

या निबंधाचं सोमवारी एचओडी मॅडमसमोर ठरेल. सरासरी काढून साडेदहा टाकायला मी तयार नाही. तो आकडा ना सरांचं मत, ना माझं. निबंध तिसऱ्या कुणीतरी वाचावा, आमचे आकडे न बघता. आणि मार्क कितीही पडोत, मुलाच्या कागदावर मी दोनच गोष्टी लिहून देणार आहे: ‘द’ कधी लागतो, आणि ‘लुकिंग’नंतर काय येतं. बाकीचे लाल गोल पुढच्या निबंधाला.