बाउंडरबीची आई आणि तीस पौंड

त्या दिवशी एमएच्या वर्गाला जेमतेम नऊ पोरं होती, पाऊस आणि एसटीचा नेहमीचा घोळ. डिकन्सची 'हार्ड टाइम्स' चालू होती, १८५४ ची, आणि मी रात्री जागून मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडच्या फॅमिली रोमान्सवर नोट्स काढून गेलेले. म्हणजे लहान पोराला कधीकधी वाटतं ना की हे माझे खरे आईबाप नाहीतच, खरे कुणीतरी बडे असणार, ते. आणि कादंबरीतला बाउंडरबी नेमका उलटा, गिरणीमालक, बँकवाला, पण छाती पुढे काढून सांगत फिरतो की मी गटारात जन्मलो, आईने टाकलं, दारुड्या आजीने मारझोड केली. सगळं धादांत खोटं. आईबापच पुसून टाकले की आपणच आपल्याला घडवलं! मी बोर्डावर बाण काढून जाम खूष.

मागच्या बाकावर एक पोरगा बसतो, संध्याकाळी मेडिकलवर काम करतो, फारसा बोलत नाही. तो म्हणाला, "मॅडम, मग आईला वर्षाला तीस पौंड कशाला देतो? मेली म्हणून सांगायचं ना, विषय संपला."

मी म्हटलं अरे लांब राहायचे पैसे ते. पण माझं मलाच पटेना, कारण पैसे देत राहणं म्हणजे नातं चालूच की.

मग नोट्स बाजूला ठेवल्या आणि मिसेस पेग्लरचा, म्हणजे बाउंडरबीच्या आईचा, भाग मोठ्याने वाचला. म्हातारी नऊ मैल चालत स्टेशनला येते, मग स्वस्तातल्या गाडीने चाळीस मैल, वर्षातून एकदा, फक्त लेकाला लांबून बघायला. आणि स्टीफन नावाचा मजूर लेकाच्याच गिरणीत बारा वर्षं राबलाय कळल्यावर त्याच्या हाताचा मुका घेते.

"पोराचाच घेतला की मग," पुढची एक मुलगी हळूच म्हणाली. डिस्प्लेसमेंट, एकावरची माया दुसऱ्यावर वळवणं! मी खडू उचलला आणि परत ठेवला, तिचं वाक्य जास्त बरं होतं. तिलाच मग लुइसा आठवली, बाउंडरबीची पुढे होणारी बायको, बाउंडरबी गालाचा मुका घेतो आणि ती रुमालाने गाल लाल होईस्तोवर घासते, भावाला म्हणते तेवढा तुकडा चाकूने काप हवं तर, मी रडणार नाही.

मला लेखकाला कोचावर झोपवून त्याचंच मन तपासायचा प्रकार मुळीच आवडत नाही, पण त्या दिवशी राहवलं नाही. बाराव्या वर्षी डिकन्स बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं लावत होता, बाप कर्जापायी तुरुंगात, आणि पोराचं ते काम सुटल्यावर आईला मात्र तो परत कामावर जायला हवा होता. हे तो कधी विसरला नाही. म्हणजे 'आईने मला वाऱ्यावर सोडलं' ही त्याची स्वतःची खरी जखम, आणि कादंबरीत तीच तक्रार त्याने एका थापाड्याच्या तोंडी दिली, वर आई निर्दोष ठेवली. हे मी आधी कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

"म्हणजे त्याला स्वतःचाच डाउट होता का?" मेडिकलवाला.

मी म्हटलं थांब जरा, विचार करू दे. पण त्याची ड्यूटी चारची, तो बॅग उचलून निघालासुद्धा.