तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत जातपात नाही, मग मत कशावर देतात?

सांगलीला गेले की पहिल्या चहालाच मामा विचारतात, "तुमच्या अमेरिकेत जातपात नाही, मग लोक मतं कशावर देतात गं?" आतेभावाचा फोनवर हाच प्रश्न, शाळेतल्या मैत्रिणींचाही हाच. तिकडचे लोक जाहीरनामे वाचून मत देत असणार आणि 'आपला माणूस' हे प्रकरण फक्त आपल्याकडेच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं.

मीही तसंच समजत होते. मग ३ फेब्रुवारी २०२० ला डेमोक्रॅटिक पक्षाचं कॉकस बघायला गेले. आम्ही आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला राहतो. (ओट्सचा कारखाना गावातच आहे, वारा फिरला की घरात भाजल्याचा वास येतो.) तेव्हा माझ्याकडे नागरिकत्व नव्हतं, म्हणून बाकावर बसून नुसतं बघायचं.

पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार कोण असावा, हे कॉकसमध्ये अक्षरशः उभं राहून सांगायचं असे. शाळेच्या जिममध्ये प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा. आपल्या कोपऱ्यात जायचं, सगळ्या गल्लीदेखत. डोकी मोजायची. साधारण १५ टक्के भरले नाहीत तर तो गट बाद, आणि मग बाकीचे त्यातल्या माणसांना आपल्याकडे ओढायला धावतात.

दहा मिनिटांत मला दारातून येणारा माणूस कुठे जाणार ते ओळखता यायला लागलं. कॉलेजची पोरं सँडर्सकडे. मुलीच्या शाळेतल्या बाई वॉरनकडे, आणि त्यांच्यामागून आणखी दोन बाई. युनियनचं जाकीट घातलेले म्हातारे बायडनकडे. एका बाद झालेल्या जोडप्याला ओढायला एक गृहस्थ आले. आरोग्य विम्यावर एक शब्द नाही, म्हणाले, "अहो, आपण एकाच चर्चचे ना!" जोडपं निघालं त्यांच्यामागे. मला तर गावचीच निवडणूक बघतेय असं वाटलं.

त्या वेळी आयोवात बायडन चौथे आले. महिना संपायच्या आत दक्षिणेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यात मात्र त्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. तिथल्या डेमोक्रॅट मतदारांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय, आणि त्यांचे जुने नेते जिम क्लायबर्न यांनी तीन दिवस आधी बायडनसाठी शब्द टाकला होता. उमेदवार तोच, भाषणंही तीच. हाच समाज एकेकाळी, गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून, रिपब्लिकनांबरोबर होता. १९३०च्या दशकात, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात, तो सरकला, आणि १९६४ मध्ये वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलेल्या गोल्डवॉटरना रिपब्लिकनांनी उमेदवारी दिल्यावर पुरता गेला. दुसऱ्या बाजूला गोरे इव्हँजेलिकल (बायबलला काटेकोर धरून चालणारे प्रोटेस्टंट) ख्रिस्ती: २०१६पासून तिन्ही वेळा दहातले साधारण आठ ट्रम्प यांच्याकडे. हे ऐकून मामांना जरा बरं वाटतं.

पण जात आणि हे एकच, असं मी म्हणणार नाही. चर्च बदलता येतं, लोक बदलतातही. कातडी मात्र बदलता येत नाही, तेवढं जातीसारखंच. पण इथले गट विरघळतात. १९६० मध्ये केनेडी कॅथलिक म्हणून कॅथलिकांची तीन चतुर्थांशांहून जास्त मतं त्यांना गेली. साठ वर्षांनी बायडनही कॅथलिकच, पण कॅथलिक मतं जवळजवळ अर्धी-अर्धी फुटली.

आमच्या शेजारच्या आजोबांच्या घरातच हे दिसतं. ते तीस वर्षं कारखान्यात होते. युनियनच्या हॉलमध्येच लग्न, तिथेच शुक्रवारचं मासळीचं जेवण, तिथेच कुणाला मत द्यायचं ते. "ठरवावं लागलंच नाही कधी," म्हणतात. पन्नासच्या दशकात अमेरिकेतले साधारण तिसरा हिस्सा कामगार युनियनमध्ये होते, आता दहातला एक. त्यांचा मुलगा गोदामात काम करतो, तिथे युनियन नाही. रविवारी हायवेजवळच्या मोठ्या चर्चला जातो, पोरांचं बास्केटबॉल तिथेच, मित्र तिथलेच. मत रिपब्लिकनांना. आजोबांना वाटतं पोरगं बिघडलं. मला वाटतं पोरगं बापासारखंच वागतंय, फक्त हॉल बदललाय. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

२०२४ मध्ये डेमोक्रॅट्सनी आयोवातला तो उभं राहण्याचा प्रकार बंद करून टपालानं पसंती मागवली. आजोबा कार्ड हातात धरून माझ्याकडे आले आणि वैतागून म्हणाले, "हे घरी बसून भरायचं? मग शेजारी कोण उभं आहे ते बघायचं कसं?"