फोनवरची शांतता

देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस आणि डॉक्टरांनी फोन व व्हिडिओवरून रुग्ण कसे तपासावेत याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाल्याचा दिवस एकच होता, २५ मार्च २०२०. मनोविकारतज्ज्ञ म्हणून तोवर मी फोनवर फार तर गोळीची वेळ सांगत असे. त्या आठवड्यापासून माझी सारी ओपीडीच फोनवर आली.

सर्वांत आधी अडले ते शांततेपाशी. समोर बसलेला माणूस गप्प झाला, की तो काही आठवतो आहे, रडू आवरतो आहे की रागावला आहे, हे त्याच्या हातांवरून आणि खांद्यांवरून कळते व मला थांबता येते. फोनवर मात्र तीच शांतता रेंज गेल्याचीही असू शकते. एका गृहस्थांच्या बोलण्यात असा खंड पडला, तेव्हा मी घाईने दोन-तीनदा ‘हॅलो’ म्हणालो. ते रडत होते, आणि माझ्या आवाजाने सावरून ‘हो, येतंय ऐकू’ म्हणाले. तो धागा पुन्हा हाती लागायला आणखी दोन भेटी गेल्या. आता मी आरंभीच सांगून ठेवतो, की तुम्ही गप्प राहिलात तरी मी लाइनवर आहे, आणि फोन कट झाला तर मीच पुन्हा लावीन.

दवाखान्यात नातेवाइकांना बाहेर बसवून दार लावून घेणे माझ्या हाती असते. दोन खोल्यांच्या घरात असे दारच बहुधा नसते. सासूबाई शेजारी असताना ‘झोप बरी आहे’ एवढेच सांगणारी एक सून गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली की मोकळी बोलते, हे उमगल्यावर मी तिला संध्याकाळची वेळ देऊ लागलो. (पावसाळ्यात आमची पंचाईत होई.)

काहींना मात्र फोनच मानवला. ‘मानसोपचार’ या पाटीखाली ओळखीचे कोणी पाहील म्हणून वर्षानुवर्षे टाळणारे लोक घरून बोलू लागले. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाचेही मला मोल वाटते ते याचसाठी.

तरीही सायकोसिसवरील (भास-भ्रम होणाऱ्या आजारावरील) काही औषधांनी हातापायांत येणारा ताठरपणा तपासायचा, तर रुग्णाचे मनगट आपल्या हातात धरून कोपर वाकवून पाहावे लागते. अशा रुग्णांना मी दर तिसऱ्या भेटीला दवाखान्यातच बोलावतो, एसटीचे दोन तास मोडले तरी.