मतलबच्या आपांबरोबर एक फेरी

ढाक्याच्या सदरघाटावरून लाँच सुटली की चांदपूरपर्यंत तीन-चार तास नुसतं पाणीच पाणी. पद्मा-मेघनेच्या संगमापाशी उतरायचं, धक्क्याजवळ तळलेला इलिश मासा खायचा (त्याच्या काट्यांपुढे अस्सल कोकणी माणूसही हात टेकेल) आणि रिक्षाने मतलब नावाचं गाव गाठायचं. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. मला मात्र इथला दवाखाना पाहायचा होता.

ढाक्यात १९६० साली कॉलरा संशोधन प्रयोगशाळा निघाली. तिने १९६३ मध्ये मतलबला मुक्काम ठोकला, कारण पटकी इथे दरसाल हमखास यायची. आज ती संस्था आयसीडीडीआर,बी (बांगलादेशातलं आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र) म्हणून ओळखली जाते. वॉर्डातल्या खाटा पाहून आधी दचकायलाच झालं. रेक्झिनला मधोमध भोक आणि खाली बादली. जुलाबातून बादलीत किती पाणी गेलं ते मोजायचं आणि तेवढं मीठ-साखरेचं पाणी पोटात परत घालायचं. आपल्याकडे जिला जलसंजीवनी म्हणतात, तिच्या सुरुवातीच्या चाचण्या १९६८च्या सुमारास ढाका आणि मतलबच्याच रुग्णांवर झाल्या.

पण खरं मतलब कळायचं तर आरोग्य कार्यकर्तीबरोबर गावात फिरावं. सगळे तिला आपा, म्हणजे ताई, म्हणतात, मीही म्हणू लागले. एका अंगणाभोवती चार-सहा घरं, अशी एकेक बाडी. आपा टॅब उघडून बसल्या: कोण जन्मलं, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, कोण गाव सोडून गेलं. १९६६पासून ही नोंद अखंड चालू आहे. एका बाळाच्या जन्मतारखेवरून आजी आणि शेजारीण यांची जुंपली. ईदनंतरचा पहिला बाजार की दुसरा? दोघींचं एकमत होईपर्यंत आपांनी स्क्रीनला बोट लावलं नाही.

माझ्या मते इथली सगळी मोठी संशोधनं या चिकाटीवर उभी आहेत. १९७७ मध्ये निम्म्या गावांत कुटुंबनियोजनाची सेवा घरपोच दिली आणि उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था ठेवली. घरपोच सेवेच्या गावांत जननदर लवकर उतरला. दुसऱ्या गावांतल्या बायकांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला अजून छळतो. पुढे साडीचा प्रयोग झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात, म्हणून जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळायला सांगितलं. जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिची वीण दाट होते. २००३ मध्ये निष्कर्ष आले: कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी.

तळ्याचं पाणी टाळायला लोकांनी हापसे घेतले, तर त्यांत आर्सेनिक निघालं. मतलबमधल्या सुमारे १३ हजार हापशांचं पाणी तपासलं गेलं; आर्सेनिकवाल्या हापशांना लाल रंग, पिण्याजोग्यांना हिरवा. कोणतं घर कोणत्या हापशाचं पाणी पितं हे जोडता आलं, तेही या नोंदींमुळेच.

आम्ही बसलो होतो त्या बाडीतल्या हापशावर अजून लाल रंगाचे पोपडे दिसतात. त्यावर भांडी घासतात. पिण्याचं पाणी पलीकडच्या हिरव्या हापशावरून येतं, पण त्या घराशी इथल्या सासूबाईंचं बोलणं बंद, म्हणून हंडा घेऊन धाकटी नात जाते. आपांना हे सगळं ठाऊक आहे. टॅबमध्ये त्यासाठी रकाना नाही, एवढंच.