सँचोची प्रत: पाचवा आठवडा, चेहरा जमला

मंडळी, अठराव्या शतकातल्या लंडनमधला काळा लेखक आणि संगीतकार इग्नेशियस सँचो, त्याच्या जुन्या तैलचित्राची मी प्रत करतोय. मागच्या वेळी चेहरा निर्जीव दिसतोय म्हणून अडलो होतो. कारण सापडलं. त्वचा गडद आहे म्हणून मी सावलीत सरळ आयव्हरी ब्लॅक घातला होता आणि गाल राखेसारखा पडला. रविवारी पॅलेट नाइफने ओला थर खरवडला, अगदी खालच्या बर्न्ट सिएनाच्या (तांबूस तपकिरी) अस्तरापर्यंत, आणि काळी ट्यूब खणात ठेवून दिली. आता सावलीला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा). मधल्या छटेत अस्तरच जागोजागी उघडं ठेवलंय. कपाळावरच्या उजेडाला ऑकर (मातकट पिवळा), त्यात किंचित पांढरा आणि टोकाला निळ्याची जेमतेम झाक. खालच्या ओठावर अलिझरिन लालचा एक हलका हात फिरवला आणि माणूस श्वास घ्यायला लागला.

नव्याने आलेल्यांसाठी: हे इंग्रज चित्रकार थॉमस गेन्सबरोने इंग्लंडमधल्या बाथ शहरात केलेलं इग्नेशियस सँचोचं व्यक्तिचित्र. मूळ चित्र ओटावाला, कॅनडाच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्राच्या मागच्या बाजूवरल्या नोंदीनुसार 29 नोव्हेंबर 1768 रोजी ते एक तास चाळीस मिनिटांत झालं. गेन्सबरो रंग फार पातळ करून वापरायचा, हे प्रत करताना हाताला कळतं. जाड थराने हा चेहरा होतच नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी कपड्यांपाशी थांबलोय. सँचो तेव्हा माँटेग्यू या इंग्रज सरदार घराण्यात चाकरीला होता, तरी अंगावर नोकराची वर्दी नाही. गडद निळा कोट, सोनेरी किनारीचं लाल वेस्टकोट, गळ्याशी पांढरं वस्त्र, आणि एक हात वेस्टकोटात खोचलेला. ही त्या काळच्या प्रतिष्ठित इंग्रज गृहस्थाची चित्रातली ठरलेली ढब. त्याच शतकातली घरंदाज इंग्रज चित्रं पाहा: काळा पोरगा कोपऱ्यात, हातात तबक, कधी गळ्यात चांदीचा पट्टा, आणि नजर वर मालकिणीकडे. इथे सबंध चौकट एकट्या सँचोची आहे. म्हणून तो खोचलेला हात मी तीनदा पुसून काढला. मनगट जरा ढिलं पडलं की सगळा रुबाब जातो.

रुबाब उसना नव्हता. कादंबरीकार लॉरेन्स स्टर्नला सँचोने 1766 मध्ये गुलामगिरीविरुद्ध लिहा म्हणून पत्र धाडलं होतं. स्वतःच्या संगीतरचना छापल्या. 1774 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या चार्ल्स स्ट्रीटवर किराणा दुकान थाटलं आणि घरधारक म्हणून 1774 आणि 1780 च्या निवडणुकांत मतदान केलं. डिसेंबर 1780 मध्ये तो गेला. पत्रं 1782 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या दुकानात साखर आणि तंबाखू विकली जायची, दोन्ही गुलामांच्या घामाचा माल. लाल रंग घोटताना ते मनातून जात नाही.

यानंतर सँचोच्याच काळातल्या ज्युलियस सुबीझचं चित्र करायचा विचार आहे. सेंट किट्समधला हा मुलगा क्वीन्सबरीच्या डचेसने वाढवला, तलवारबाजी आणि घोडेस्वारीत तयार केला. लंडनचा नामांकित छैला झाला. सँचो त्याला पत्रांतून वडीलधाऱ्यासारखा समज द्यायचा. 1777 मध्ये तो भारताकडे निघाला, कलकत्त्यात तलवारबाजी आणि घोडेस्वारी शिकवली, आणि 1798 मध्ये घोड्यावरून पडून गेला. अडचण अशी की छापील व्यंगचित्रांत त्याची टवाळीच जास्त आहे. डचेसशी तलवार खेळतानाचं 1773 चं व्यंगचित्र माझ्यासमोर आहे. त्यातली पायांची ठेवण आणि पोशाख घेईन, चेहरा मात्र त्यावरून घेणार नाही. तो सँचोवर शिकलेल्या रंगांनीच रंगवीन.

सध्या वेस्टकोट वाळतोय. पुढच्या रविवारी सोनेरी किनार: सोनेरी रंग न वापरता, फक्त ऑकर, अंबर आणि लेमन यलोचे सुटे ठिपके. कुणी कॅनव्हासवर अशी सोनेरी किनार केली असेल तर ब्रश कोणता घेतला ते नक्की सांगा. माझा दोन नंबरचा राउंड टोकाला फाटलाय.