2012चा लॅपटॉप: हँग होण्याचे दोन प्रकार आणि सकाळचं न उठणं

मशीन 2012चं, 14 इंची, ऑफिसात वापरायच्या मालिकेतलं. तिसऱ्या पिढीचा आय5, दोन-दोन जीबीच्या डीडीआर3 रॅमच्या दोन पट्ट्या, 500 जीबीची 5400 आरपीएमची हार्ड डिस्क, विंडोज 7. मालक माझे काका, राहायला चिपळूणला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून देवस्थानाची स्मरणिका, वाचनालयाचे अहवाल, कुणाच्या एकसष्टीचं मानपत्र, सगळं टायपिंग याच्यावरच. आणि सगळं श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमात, युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच दिसतात त्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फाइली दुसऱ्या मशीनवर नुसत्या नेल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून फाइली काढून नवा लॅपटॉप घ्या, एवढ्यावर हे काम भागत नाही. ती सगळी मांडणीच चालती ठेवायची आहे.

काकांची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "सकाळी उठतच नाही रे हा. दुपारी उठला तरी मध्येच बसतो." तिथल्या एका दुकानात "बोर्ड गेला, फॉरमॅट मारून बघू" असं सांगितलं होतं. काकांनी फॉरमॅट मारू दिलं नाही, त्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं.

आधी नुसतं बघत बसलो

हँग झाला की आपण लगेच बटण दाबून धरतो आणि पुरावा घालवतो. मी तसाच राहू दिला. माऊसचा बाण हलतोय का, कॅप्स लॉकचा दिवा कळ दाबल्यावर बदलतोय का, डिस्कचा दिवा लुकलुकतोय की एकसारखा पेटलाय, गाणं चालू असेल तर आवाज थांबला की एकाच सुरावर अडकला, एवढं प्रत्येक वेळी वहीत लिहून ठेवलं.

त्यातून दोन वेगळे हँग समोर आले. पहिल्यात बाण हलत होता, कॅप्स लॉकचा दिवा बदलत होता, पण काहीही उघडत नव्हतं आणि डिस्कचा दिवा एकसारखा पेटलेला असायचा. अर्धा-एक मिनिट गेलं की दाबलेल्या सगळ्या क्लिक एकदम लागू व्हायच्या. दुसऱ्यात सगळंच ठप्प: बाण नाही, दिवा नाही, आवाज "टर्रर्र" करत अडकलेला, कितीही वाट पाहिली तरी परत न येणारा.

पहिला प्रकार जवळजवळ नेहमी डिस्कचा असतो. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा, वाचता येत नसेल तर डिस्क तोच पुन्हापुन्हा वाचत बसते, आणि ज्या प्रोग्रॅमला तो हवा असतो तो तिथेच खोळंबतो. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर, रॅम, बोर्ड किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी असतं. दोन्ही प्रकार एकाच मशीनमध्ये असले की एक दुरुस्त केल्यावरही "अजून हँग होतोच आहे" असं वाटतं आणि माणूस बोर्डाला दोष देऊन मोकळा होतो.

डिस्क काढून चालवून पाहिला

डिस्क बाहेर काढली आणि पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली चालवली. पहिल्या प्रकारचा हँग पूर्ण गेला. दुसरा क्वचित, पण झालाच. म्हणजे तर्क बरोबर होता, दोन आजार स्वतंत्र होते. नवशिक्यांना मी ही एक चाचणी सगळ्यात आधी करायला सांगेन. खर्च शून्य, आणि निम्मे संशयित एका झटक्यात बाहेर जातात.

मग डिस्क यूएसबी केसमध्ये घालून स्मार्टचे आकडे पाहिले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी क्रमांकवार नोंद ठेवते ती. 5 क्रमांकावर बदललेले सेक्टर होतेच, पण खरी काळजी 197 ची. हे असे सेक्टर, जे आत्ता वाचता येत नाहीत, पण डिस्कने अजून राखीव जागेतल्या सेक्टरांनी बदललेले नाहीत. तिथे पुन्हा काही लिहिलं गेलं की मगच डिस्क ठरवते, सेक्टर ठीक आहे की बाद. हा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नाही. 199, म्हणजे जोडणीवरून माहिती येता-जाता होणाऱ्या चुका, मात्र शून्य होता, म्हणजे जोडणीचा दोष नाही.

अशा डिस्कवर चेकडिस्क, विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, चालवू नका, हे कळकळीने सांगतो. ती मरत्या डिस्कला सगळीकडून वाचायला लावते, वर त्याच डिस्कवर लिहितेही. आधी प्रत काढायची, दुरुस्ती त्या प्रतीवर.

प्रत डीडीरेस्क्यू या खराब डिस्कसाठीच्या प्रोग्रॅमने काढली. साध्या कॉपीत पहिल्याच खराब सेक्टरवर गाडी अडते. डीडीरेस्क्यू अवघड जागा नोंदवून पुढे जातं, आधी सगळा सोपा भाग वाचून घेतं आणि मग मागे राहिलेल्या जागांवर परत येतं. नोंद स्वतंत्र मॅप फाइलमध्ये राहते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी होतं तिथून पुढे सुरू करता येतं. मी डिस्क उभी करून शेजारी छोटा पंखा लावला आणि पहिली फेरी रात्रभर चालू दिली. सकाळी जवळजवळ सगळं आलं होतं. उरलेल्या तुकड्यांसाठी तीन वेळा प्रयत्न करायला सांगितलं, त्यातले बरेच सुटले. जे शेवटपर्यंत आलं नाही ते काही मेगाबाइटच. त्यात काकांची एकही फाइल गेली नाही, दोन-तीन विंडोजच्या स्वतःच्या फाइली गेल्या, त्या नंतर दुरुस्त झाल्या.

काकांना फोन करून सांगितलं, "काका, स्मरणिका सगळ्या आल्या." पलीकडून आधी काही उत्तरच नाही. मग म्हणाले, "2014 ची पण?" ती पण.

दुसरा हँग आणि काळा पडदा

सकाळी बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पडदा काळा. काही सेकंदांनी आपोआप बंद होऊन परत प्रयत्न. थोडा वेळ असाच चालू ठेवला की कधीतरी चित्र यायचं. पडद्यावर काही यायच्याही आधी बायॉसला, म्हणजे बोर्डावरच्या मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, रॅम ओळखून तिच्याशी ताळमेळ जमवावा लागतो, म्हणून मी रॅमकडेच वळलो.

मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला. दोन्ही पट्ट्या असताना चुका. मग एक-एक पट्टी, दोन्ही स्लॉटमध्ये, अशा सगळ्या जोड्या लावून पाहिल्या. पट्टी कुठलीही असो, आतल्या स्लॉटमध्ये घातली की चुका, बाहेरच्या स्लॉटमध्ये दोन्ही निर्दोष. दोष स्लॉटचा होता. पट्ट्या अदलाबदल करून पाहिल्या नसत्या तर मी विनाकारण नव्या पट्ट्या विकत आणल्या असत्या आणि चुका तिथेच राहिल्या असत्या.

भिंगाखाली पाहिलं तर स्लॉटच्या एका टोकाकडच्या टाचण्यांवर हिरवट थर. जुलै 2021 च्या पुरात हा लॅपटॉप माळ्यावर होता, पाणी लागलं नाही, पण नंतर कितीतरी दिवस घरात ओल होती. कोकणातली मशीन उघडणाऱ्यांना हा थर ओळखीचा असेल. मशीन तापलं की धातू जरा प्रसरण पावतो आणि कसाबसा स्पर्श जमतो, म्हणून दुपारी उठत असावा.

बॅटरी आणि चार्जर काढून बटण दाबून धरलं, उरलीसुरली वीज जाऊ दिली. 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने टाचण्यांच्या दिशेनेच, आडवं न घासता, स्लॉट साफ केला. हँड सॅनिटायझर इथे चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पट्टीच्या सोनेरी कडेवर पांढरा मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला, पण स्लॉटमध्ये खोडरबर कधीच नाही, त्याचा चुरा आत बसतो. वाळल्यावर पट्टी काही वेळा घातली-काढली, म्हणजे टाचण्या घासून उजळतात. मेमटेस्ट रात्रभर चालवलं, एकही चूक नाही.

रॅम मात्र वाढवली, 4+4 जीबी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून. 204 टाचण्यांची डीडीआर3एल घेतली. ती 1.35 व्होल्टची असली तरी 1.5 व्होल्टवरही चालते. साधी डीडीआर3 मात्र फक्त 1.35 व्होल्ट देणाऱ्या मशीनमध्ये चालेलच असं धरू नका.

कधीकधी येणारा निळा पडदा

चित्र आल्यावरही काही सकाळी विंडोज निळ्या पडद्यावर पडायचं आणि तारीख मागे गेलेली असायची. बायॉसची नाणं-बॅटरी, सीआर2032, मल्टिमीटरवर 2 व्होल्टच्या जरा वर. नवी 3 च्या वर दाखवते. मुख्य बॅटरी कधीच मेलेली, आणि काका रात्री झोपताना भिंतीवरचा खटका बंद करतात. म्हणजे रात्रभर मशीनला कुठूनच वीज नाही. सकाळी बायॉसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर, डिस्कचा मोड (बोर्ड डिस्कशी ज्या पद्धतीने बोलतो ती) बदललेला, आणि दुसऱ्या मोडवर बसवलेलं विंडोज 7 सुरूच होत नाही. चिपळूणच्या त्या सकाळींचं कोडं मला या खटक्याने उलगडलं. या लॅपटॉपवरचा सगळ्यात समाधानाचा क्षण तोच.

नाणं वायर आणि कनेक्टरसकटच विकत घ्या. साध्या नाण्यावर सोल्डरचा डाग देऊन वायर जोडू नका, उष्णतेने ते आतून खराब होतं. काढण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घेतला होता, तो लगेच उपयोगी पडला.

उष्णता

पंख्यामागच्या जाळीत नमद्यासारखा कचऱ्याचा थर, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर पोचवणारा लेप) वाळून खडूसारखी. साफ करून नवी पेस्ट लावली, स्क्रू कर्णरेषेत थोडे-थोडे आवळले. ताण दिल्यावर प्रोसेसर आधी नव्वदीच्या शेवटाला जायचा, आता ऐंशी अंशांच्या आत. पण हँगचं कारण हे नव्हतं. हे प्रोसेसर 105 अंशांजवळ स्वतःचा वेग कमी करतात, त्याहून फार तापले तर मशीन थेट बंद पडतं. गरम होऊन नुसतं गोठणं त्यामानाने कमी दिसतं.

आता कुठे आहे

डिस्कच्या जागी 512 जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर साठवणारी डिस्क. 480 ची स्वस्त मिळत होती, पण 500 च्या डिस्कची जशीच्या तशी प्रत तिच्यावर मावत नाही. एसएसडी 7 मिलिमीटर जाडीची, जागा 9.5 ची, म्हणून प्लॅस्टिकची चौकट लावली. आधी प्रत उतरवली, तिच्यावर चेकडिस्क चालवलं, मग विंडोजचं पार्टिशन कमी करून बाजूला मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवली, तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत. विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 ला संपलाय, म्हणून त्यातलं वायफाय आणि लॅन दोन्ही बंद. ते फक्त श्री-लिपीसाठी. इंटरनेट, मेल, नवं युनिकोड टायपिंग सगळं मिंटवर.

दोन्ही प्रकारचे हँग परत आलेले नाहीत. रोज रात्री मुद्दाम खटका बंद करून सकाळी चालू करून बघतो, पहिल्या दाबात उठतो.

एक गोष्ट उरली आहे. मिंटमध्ये झाकण मिटून स्लीपला गेला की उघडल्यावर कधीकधी पडदा काळाच राहतो, पण कॅप्स लॉकचा दिवा बदलतो, म्हणजे मशीन जिवंत असतं. विंडोजमध्ये हे होत नाही, त्यामुळे मला ग्राफिक्सचा किंवा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) संशय आहे. आधी जुना कर्नल लावून बघणार, मग बायॉसचं अपडेट. तिसऱ्या पिढीच्या आय5 वर कुणी हे सोडवलं असेल तर कोणत्या कर्नलवर सुटलं ते सांगा. तोवर काकांना झाकण मिटण्याआधी शटडाउन करायला सांगितलंय.