स्वतःचा खर्च: शून्य

कोल्हापुरात कसबा बावड्याला कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यापाशी वकील मॅडमनी ताईचा कागद तिच्याच हातात परत दिला, म्हणाल्या हे काय लिहिलंय? ताईनं नवऱ्याकडून पोटगी मागितलेली, त्यासाठीचा महिन्याच्या खर्चाचा तक्ता होता. घरभाडं, गॅस, लाईटबिल, पोराची फी, त्याची रिक्षा, सगळं रुपयापर्यंत लिहिलेलं आणि स्वतःचा खर्च म्हणून जो रकाना होता तिथं शून्य. ताई म्हणाली, मला कुठला आलाय खर्च. मला एकदम भरूनच आलं.

मॅडमनी तिथंच बाकड्यावर बसवून परत लिहायला लावलं. चप्पल. मोबाईलचा रिचार्ज. शिवलेले ब्लाऊज पोचवायला जाते ते केएमटी बसचं भाडं. दाढ दुखत होती तर ही बाई सहा महिने लवंग दाबून दिवस काढत होती, तो डॉक्टरचा खर्च पण लिहा म्हणाल्या.

सांगायचं कारण म्हणजे पोटगीचा आकडा ठरतो तो बराचसा या कागदावरनं. २०२० ला सुप्रीम कोर्टानं रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगितलंय की दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर द्यायचं. पगाराच्या २५ टक्के मिळतातच असं गल्लीत जो तो सांगतो, पण तसा पक्का नियम नाहीये, २०१७ च्या एका निकालात २५ टक्के योग्य धरले होते तेवढंच. आणि शिवणाचे पैसे दाखवू नको, पोटगी बुडेल, असं एका मावशींनी ताईला सांगितलेलं, तिनं ऐकलं नाही ते लय बरं केलं, कारण बाई चार पैसे कमावते म्हणून पोटगी आपोआप नाकारता येत नाही, खोटं शपथपत्र मात्र अंगाशी येतं.

रजनेश-नेहा निकालातलीच दुसरी गोष्ट, पोटगी धरायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. ताईचा आदेश व्हायला ११ महिने गेले, ९,००० महिना ठरला, म्हणजे मागचेच ९९,००० निघाले! आम्हाला वाटत होतं की आदेशापासून मीटर चालू होईल.

घटस्फोट झाला की पोटगी संपली असंही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली घटस्फोटाच्या वेळी किंवा नंतरही कायमची पोटगी मागता येते, एकरकमी नाहीतर महिन्याला, आणि नवऱ्यालाही मागता येते बरं का. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, जे जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १४४ झालं, त्यातही घटस्फोटित बाई दुसरं लग्न करेपर्यंत बायकोच धरतात.

पण या १४४ कलमाखालची थकबाकी वसूल करायला वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बायका इथंच फसतात, देईल की आज ना उद्या म्हणत वर्ष निघून जातं. दाजी (आता म्हणवत नाही, पण सवय) हातात रोख देतो म्हणत होते, मॅडम म्हणाल्या अजिबात नाही, खात्यावरच. आता दर महिन्याला ताई पासबुक भरून आणते आणि तारखेसकट वहीत लिहिते.

आणि हायकोर्टात जायची वेळ आली तरी १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच (मुंबई हायकोर्टाचंच इथं बसणारं खंडपीठ) आपल्या कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबईची गाडी धरायला नको.

गेल्या आठवड्यात थकबाकीतला पहिला हप्ता जमा झाला. ताई दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीत जाऊन दाढ दाखवून आली.